‘सर्व्हायव्हर’ आणि ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ : मराठीत काय लिहावं?

विचारणा
कॅनडातल्या निवासी शाळांच्या कागदपत्रांवर एक टिपण लिहिते आहे. दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून बहुतांशी चर्चच्या ताब्यातल्या शाळांत ठेवलं गेलं. मारहाण आणि लैंगिक अत्याचार कित्येकांच्या वाट्याला आले. अशा माणसांच्या हकिगती त्यांच्यावरचा आघात ध्यानात ठेवून जपायच्या पद्धतीला ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणतात. यंत्राने ‘आघात-सूचित संग्रहण’ असं भाषांतर दिलं. वाचून काही बोध होत नाही. आणि ‘सर्व्हायव्हर’ला ‘पीडित’ लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद
‘पीडित’ नकोच. तो फिर्यादीतला आणि बातमीतला शब्द, माणूस त्या एका घटनेशी कायमचा बांधला जातो. ‘बचावलेले’ म्हटलं की बस दरीत कोसळल्याची बातमी आठवते. मी ‘तगलेले’ लिहीन. तग धरण्यात स्वतःचं बळ आहे.

प्रतिसाद
‘तगलेले’ला ‘कसेबसे जगले’ अशी छटा आहे, दुष्काळात पीक तगतं तशी. त्या शाळांतून आलेली माणसं स्वतःला ‘सर्व्हायव्हर’च म्हणवतात, तेव्हा तोच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘शाळेतले अत्याचार सोसून पुढे आलेले’ असं उलगडून सांगा. ज्याचं नाव त्याने ठरवावं.

प्रतिसाद
याच्याशी सहमत. दुसऱ्या शब्दासाठी ‘आघातभान’ सुचवतो. समाजभान, आत्मभान आपल्या अंगवळणी पडलेत, त्याच घडणीचा हा. ‘आघातभान राखून केलेलं दस्तऐवजीकरण’ असं लिहिलं तर कागद हाताळणाऱ्याची जबाबदारी त्यातच येते.

हे भान म्हणजे नुसता मवाळ सूर नव्हे. या शाळांवरून सरकार, चर्च आणि सर्व्हायव्हर यांच्यात २००६मध्ये झालेल्या तडजोडीनंतर कॅनडात भरपाईसाठी ३८ हजारांहून अधिक दावे दाखल झाले. बंद दाराआड लोकांनी कोणी, कुठे, काय केलं ते तपशिलाने सांगितलं, गुप्ततेच्या भरवशावर. पुढे प्रश्न आला, या नोंदी इतिहास म्हणून ठेवायच्या की नष्ट करायच्या? सरकारचं म्हणणं होतं की कागद आमच्या ताब्यातले, म्हणजे सरकारी. २०१७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : १५ वर्षं जपा, मग नष्ट करा; मात्र ज्याने सांगितलं त्याची इच्छा असेल तर त्याची नोंद विनिपेगच्या राष्ट्रीय सत्य व सलोखा केंद्राकडे, म्हणजे या शाळांच्या नोंदी जपणाऱ्या संस्थेकडे, सोपवा. इतिहासाचं नुकसान होईल ही हळहळ मलाही आहे, पण निकाल योग्यच वाटतो. विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याला न विचारता संशोधकासमोर ठेवणं म्हणजे तिच्यावरचा त्याचा हक्क दुसऱ्यांदा हिरावून घेणं.

म्हणूनच ‘जबाब’ हा शब्दही टाळा. जबाब पोलीस घेतात. ‘कैफियत’ गोड आहे, पण आज तिला गाऱ्हाण्याचा वास येतो. ‘निवेदन’ म्हटलं की मोर्चा आणि कलेक्टर कचेरी. माझं मत ‘कथन’ला. कथन सांगणाऱ्याचं असतं, हवं तिथे तो थांबू शकतो.

विचारणारी
‘आघातभान’ आणि ‘कथन’ घेते. एक अडचण उरतेच : बऱ्याच शाळांत मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारत, जुन्या नोंदींतही क्रमांक आहेत. काही कागदांत मुलांसाठी ‘रानटी’ असे शब्द आहेत. तेही मऊ करायचे का?

प्रतिसाद
मूळ कागदाला हात लावू नका, तो पुरावा आहे. ‘रानटी’ अवतरणात ठेवा आणि कोणाचा शब्द तेही लिहा. सूचीतलं वर्णन मात्र तुमचं, तिथे व्यक्तीने स्वतः वापरलेलं नाव आधी, क्रमांक नंतर. नाव उघड करायला तिची परवानगी आहे ना, हे त्याआधी पाहा. आपल्याकडेही बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापण्यावर बंदी आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २२८अ कलमाने, आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ने. पण तिने स्वतः लेखी परवानगी दिली तर ती छापता येते.