मदत हवी आहे : बाबांची अँजिओग्राफी, सेवाग्रामला की नागपूरला?

नमस्कार दादा-ताई. आम्ही आर्वी तालुक्यातले. बाबा ६२ वर्षांचे, जुनी शुगर, त्यात खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात.

दोन महिन्यांपासून वावरात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चालले की छातीवर दगड ठेवल्यासारखं होते, डावा हात जड पडते. धुऱ्यावर दहा मिनिटं बसले की बरं. आम्ही गॅस समजून ओवा-सोडा देत राहिलो, याचं फार वाईट वाटते. गावातला ईसीजी नॉर्मल आला म्हणून अजून दिवस गेले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की आराम करताना काढलेला ईसीजी चांगला येऊ शकते, धमनी अरुंद असली तर रक्त कमी पडते ते कष्ट करताना. पट्ट्यावर चालवून केलेल्या तपासणीत दोष दिसलाच. आता अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि त्रास झाला तर जिभेखाली ठेवायची गोळी सुरू आहे.

अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्या कुठं अरुंद आहेत ते पाहायची तपासणी) कोणी सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या सुपर स्पेशालिटी दवाखान्यात केली आहे का? नंबर किती दिवसांनी लागते? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नुसत्या तपासणीचा खर्च बसते, की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला तरच? रेशनकार्ड केशरी आहे.

शुगरवाल्यांच्या दोन-तीन धमन्या बंद असल्या तर स्टेंटपेक्षा बायपासचं ऑपरेशन जास्त टिकते असं ऐकलं. बाबा छाती उघडायच्या नावानंच घाबरतात. ज्यांच्या घरी हा निर्णय घ्यावा लागला, त्यांनी डॉक्टरांना काय काय विचारलं ते सांगा. शुक्रवारी रिपोर्ट घेऊन जायचं आहे.