३ फुटी खाऱ्या टाकीला २ फुटी टाकीचा सम्प: मापं बरोबर आहेत का?

खारंपाणी_बडोदा

मंडळी, नमस्कार. खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ३६×१८×१८ इंच, ८ मिमी काच, इथे बडोद्यातच बनवून घेतलेली, रिकामी, अजून भोक पाडलेलं नाही. खालच्या कपाटात २४×१२×१५ इंची, ५ मिमी काचेची जुनी टाकी बसते. तिचाच सम्प (पाणी गाळण्यासाठी खाली ठेवायची दुसरी टाकी) करायचा आहे. पंप आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) सोडून बाकी सगळं ५,००० च्या आत बसवायचंय.

ठरवलंय ते असं: १२ इंच उंचीचे तीन बॅफल (सम्पमधल्या आडव्या काचा). रिटर्नचं (पंपाकडून पाणी वर नेणाऱ्या पाइपाचं) तोंड पाण्याखाली ४ इंच, म्हणजे खळखळ होणार नाही. पंप ताशी ३,००० लिटरचा. टाकीला भोक पाडावं की मागे लटकणारा सायफनचा डबा लावावा, हे ठरत नाहीये. आणि काचेऐवजी प्लास्टिकचा मोठा क्रेट चालेल का? शनिवारी काचवाल्याकडे मापं द्यायची आहेत, त्याआधी चुका दाखवा.

काचपारखी

शनिवारी मापं देऊ नका. या मापांनी पहिल्यांदा लाइट जाईल तेव्हा खोलीत पाणी होईल.

हिशोब बघा. वरच्या टाकीचा पृष्ठभाग ३६×१८, तिथलं एक इंच पाणी म्हणजे १०.६ लिटर. सम्पचा पृष्ठभाग २४×१२, तिथलं एक इंच म्हणजे ४.७ लिटर. वर एक इंच उतरलं की खाली सव्वादोन इंच चढतं. पंप थांबला की रिटर्नचा पाइप सायफन होऊन उलटं पाणी ओढतो आणि त्याचं तोंड हवेत येईपर्यंत ओढतच राहतो. तुमचं तोंड ४ इंच खाली, म्हणजे ४२ लिटर. बॅफल १२ इंची धरले तर सम्पमध्ये वर ३ इंच मोकळे, म्हणजे १४ लिटरची जागा. पंपाच्या कप्प्यातली थोडी जागा जमेस धरली तरी वीस-पंचवीस लिटर खारं पाणी जमिनीवर येईल आणि कपाटाच्या प्लायमध्ये मुरेल.

रिटर्नचं तोंड पाऊण इंचाच्या वर बुडवू नका. ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली सम्पमध्ये सांडतं त्या डब्याच्या) काठावरून पाणी वाहतं तो थर साधारण अर्धा ते पाऊण इंच असतो, तोही खाली येणार. एकूण दीड इंच, म्हणजे १६ लिटर. पाइपातलं आणि डब्यातलं २-३ लिटर धरा. म्हणजे १९. आता पहिला बॅफल ८ इंच ठेवा: ८ पासून १४ इंचांपर्यंत ६ इंच मोकळे राहतात, २८ लिटर. एवढी ढिलाई हवीच.

यावर लोक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून निश्चिंत होतात. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुना आणि शेवाळ बसतं, झडप अर्धवट उघडी राहते. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ४ मिमीचं भोक पाडा, तिथे हवा शिरली की सायफन तुटतो. पण हेही भोक बुजतं, महिन्यातून एकदा दात कोरायच्या काडीने साफ करायचं. भरवसा मोकळ्या जागेवरच ठेवायचा, भोकावर नाही.

आता बॅफल. पहिला तळापासून ८ इंच. दुसरा तळापासून १ इंच वर उचललेला, त्याचा वरचा काठ १० इंचांवर. तिसरा तळापासून ७ इंच. दोन बॅफलमध्ये १ इंचाची फट. पाणी पहिल्यावरून खाली, दुसऱ्याच्या खालून, तिसऱ्यावरून पुढे, एवढ्यात बुडबुडे सुटतात. स्किमरच्या कप्प्यात पाणी कायम ८ इंचांवर राहतं, त्यासाठीच पहिला बॅफल महत्त्वाचा. तुमच्या स्किमरला कमी पाणी लागत असेल तर त्याच्याखाली प्लास्टिकच्या जाळीचा चौथरा करा, बॅफल छाटू नका.

काच कापताना सगळे चुकतात ते रुंदीत. बाहेरून १२ इंच म्हणजे ३०५ मिमी, दोन बाजूंच्या ५-५ मिमी काचा वजा केल्या की आत २९५. बॅफल २९१ चा कापून घ्या. दोन्ही बाजूंना २-२ मिमी सिलिकॉनला जागा लागते. हाताने जोडलेली टाकी वर-खाली सारखी नसते, म्हणून आतली रुंदी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. जुन्या टाकीच्या आतल्या कोपऱ्यात सिलिकॉनचा गोल थर असतो, त्यावर बॅफल अडतो. तो सांधा खरवडून काढू नका, टाकी त्यावरच उभी आहे. बॅफलचे खालचे दोन कोपरे काचवाल्याकडून ६ मिमी तिरके छाटून घ्या आणि कडा घासून घ्या.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, साधं. बाथरूमचं बुरशीनाशक घातलेलं अजिबात नको, ते पाण्यात उतरतं. काच स्पिरिटने पुसा, बाजूला टेप लावा, बॅफल लाकडी ठोकळ्यांवर उभा करून दोन्ही अंगांनी रेघ ओढा आणि लगेच टेप काढा. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, पाणी घालायचं नाही.

मोरीवाला

भोकच पाडा. लटकणाऱ्या डब्यात पाणी यू-नळीतून सायफनने चढतं. तिच्यात हळूहळू हवा साठते, एके दिवशी सायफन तुटतो, पंप मात्र वर पाणी टाकतच राहतो. भोकाला ही भीती नाही. काच टफन (तापवून कडक) केलेली नाही ना, तेवढं बनवणाऱ्याला विचारून घ्या. टफन काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो.

आधी बल्कहेड (भोकात बसवून पाइप जोडायचं फिटिंग) विकत घ्या, त्याचा आटे असलेला भाग मोजा, मगच त्या मापाचा डायमंड होल-सॉ (काचेला गोल भोक पाडणारं ड्रिलचं पातं) घ्या. १ इंची बल्कहेडची बाहेरची मापं एकसारखी नसतात, म्हणून हा क्रम उलटा करू नका. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान एका भोकाएवढं अंतर सोडा. दोन भोकं पाडा: एक रोजच्या निचऱ्याचं, दुसरं अडीअडचणीचं, त्याचं तोंड अर्धा इंच उंच. शंखातली गोगलगाय पहिल्या पाइपात जाऊन बसली की दुसराच टाकी वाचवतो.

ड्रिल कमी वेगावर, जोर न देता, सतत पाण्याची धार. ८ मिमीला १०-१५ मिनिटं लागतात, लागू द्या. शेवटच्या मिलिमीटरला हात अगदी हलका, मागे टेप लावलेला. रबर वॉशर फ्लँजच्या बाजूला, नट हाताने आवळून वर पाव फेरा. वॉशरला सिलिकॉन फासू नका, तो घसरून बाजूला जातो.

पंपाबद्दल: डब्यावरचे ३,००० लिटर शून्य उंचीचे असतात. सव्वा मीटर चढ आणि दोन-तीन एल्बो गेल्यावर निम्म्याच्या आसपास धरा. तुम्हाला हवेत तासाला ८००-९००, टाकीच्या पाचपट. म्हणजे १,८०० ते २,००० चा पंप पुरे, विजेचं बिलही कमी. मोठाच घेतलात तर व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे रिटर्नवर लावा, निचऱ्याच्या पाइपावर नको.

पाइप सगळे यूपीव्हीसीचे. नळवाला सवयीने पितळेचा निपल किंवा जीआय सॉकेट देईल, तो घेऊ नका. तांबं आणि पितळ कोळंबी, शंख, प्रवाळ यांना विष आहे. सॉल्व्हंट लावल्यावर २४ तास सुकू द्या.

खारंपाणी_बडोदा

४२ लिटरचा हिशोब वाचून बरं झालं विचारलं असं वाटलं. बॅफल बदलले, भोकं दोन. पंपाचा कप्पा ८×१२ इंच उरतोय. तो पुरेल ना? आणि मे महिन्यात पाणी ३२ अंशांच्या वर जाईल, सम्पवर पंखा लावला तर?

दर्या_रावपुरा

पंखा लावाच. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते, म्हणजे २०० लिटर पाण्यातून जवळजवळ ३ अंशांची. आपला उन्हाळा कोरडा असतो, म्हणून संगणकातला १२ व्होल्टचा पंखासुद्धा भरपूर काम करतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा गुण निम्माही येत नाही, तेव्हा कपाटाची दारं उघडी ठेवा.

पण जे पाणी उडतं ते सगळं पंपाच्या कप्प्यातूनच कमी होतं, बाकीचे कप्पे बॅफलमुळे भरलेलेच राहतात. ८×१२ च्या कप्प्यात ३ लिटर उडालं की पातळी २ इंच खाली. कप्प्यात पाणी साडेसहा इंच, म्हणजे तिसऱ्या बॅफलच्या जरा खाली धरलं, तर तिथून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पंप हवा ओढू लागेल आणि वरच्या टाकीत दुधासारखे बारीक बुडबुडे दिसतील. म्हणून भरणी आपोआप हवी. आरओच्या दुकानात मिळणारा पूर्ण प्लास्टिकचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि पाव इंची नळी घ्या. कूलरचा फ्लोट स्वस्त असतो, पण त्याचा दांडा पितळी असतो. वर पाण्याचा कॅन ठेवा, पण ६-७ लिटरच भरा. फ्लोट अडकला आणि २० लिटरचा कॅन रिता झाला तर लाइट गेल्यावरची मोकळी जागाच त्या पाण्याने खाल्लेली असेल, शिवाय खारटपणाही उतरेल.

भरणीचं पाणी बिनमिठाचं, आरओचं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. घरच्या आरओत टीडीएस वाढवायचा स्क्रू असतो तो पूर्ण बंद करा आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधीच नळी काढा.

प्लास्टिक क्रेट सम्पसाठी नको. पॉलिप्रॉपिलिनला सिलिकॉन चिकटत नाही, बॅफल उभेच राहत नाहीत, आणि भिंती फुगतात. सम्पमध्ये घालायला कोरलचे तुकडे म्हणून जे विकतात तेही टाळा. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. सिरॅमिक रिंग्ज तेच काम करतात.

काचपारखी

कप्पा पुरेल, एक गोष्ट तपासा. साडेसहा इंच पाण्याचा तो कप्पा म्हणजे १० लिटर. दोन्ही निचरे तुंबले तर पंप जास्तीत जास्त तेवढंच वर टाकेल, कारण तिसरा बॅफल बाकीचं अडवतो. वरच्या टाकीत काठापासून दीड इंच मोकळा ठेवा, १० लिटर त्यात मावतात.

सगळं बसल्यावर आधी साध्या पाण्यावर चालवा. पंप बंद ठेवून, वरची टाकी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत भरलेली असताना सम्प १४ इंचांपर्यंत भरा. मग पंप सुरू करा. पाणी स्थिरावलं की पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा, पंप चालू असताना त्या रेघेच्या वर कधीही पाणी न्यायचं नाही. रेघ साडेसहा इंचांच्या वर आली तर तेवढं पाणी काढा आणि नवी रेघ मारा. मग पंप पाच-सहा वेळा बंद-चालू करून बघा, दर वेळी पाणी १४ च्या आत थांबलं पाहिजे. पंपाच्या वायरीचा झोल प्लगच्या खाली लोंबता ठेवा म्हणजे थेंब प्लगमध्ये जाणार नाही, आणि त्या बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. मीठ मात्र ही चाचणी झाल्यावरच घाला, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ येईपर्यंत.