नोकरी सोडताना पीएफची दोन खाती: आधी एकत्र करावीत की वेगवेगळे पैसे काढावेत?

प्रश्न (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी एका सूतगिरणीत २ वर्षे ८ महिने काम केले आणि त्यानंतर २ वर्षे ७ महिन्यांपासून हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये आहे. यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) एकच असला तरी पासबुकात दोन खाती दिसतात. पहिल्यात ६२ हजार आणि दुसऱ्यात ७० हजार रुपये आहेत. वडिलांना आता शेती झेपत नाही, म्हणून या महिन्याअखेर नोकरी सोडून गावी परतायचे ठरवले आहे आणि मृगाआधी बियाणे-खताची सोय या पैशांतून व्हावी, अशी इच्छा आहे. सेवा केंद्रातील मुलगा म्हणतो की दोन्ही खात्यांतले पैसे वेगवेगळे काढून घ्या. त्यात कर कापला जाईल का?

उत्तर (वर्धा)

भाऊ, कृपया तसे करू नका. सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असेल आणि रक्कम ५० हजार किंवा त्याहून अधिक असेल, तर पॅन जोडलेले असताना १० टक्के आणि नसताना २० टक्के कर कापूनच पैसे हाती येतात. तुमच्या बाबतीत ही कपात १३,२०० किंवा २६,४०० रुपये होईल. मात्र पहिल्या खात्यातील रक्कम सध्याच्या नोकरीच्या पीएफ खात्यात वर्ग केली, तर आधीच्या मालकाकडची सेवाही मोजली जाते. तुमची एकूण सेवा ५ वर्षे ३ महिने भरते आणि कराचा प्रश्नच उरत नाही. नोकरीत आहात तोवरच हस्तांतरणाचा अर्ज करा.

कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, हे खरे. पण पेरणीच्या दिवसांत अडकलेले तेरा हजार नंतर मिळाल्याने बियाण्याची उधारी टळत नाही.

उत्तर (अकोला)

वर्ध्याच्या भाऊंशी पूर्ण सहमत आहे. पेरणीचा हिशेब मात्र संपूर्ण रकमेवर करू नका, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली २५ टक्के बारा महिन्यांच्या बेरोजगारीनंतर देण्याचा निर्णय घेतला आहे.

माझी कळकळीची विनंती पेन्शनबद्दल आहे. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते आणि पासबुकात ती वेगळ्या रकान्यात दिसते. फॉर्म १०-सी भरून ती काढली की सव्वापाच वर्षांची पेन्शनपात्र सेवा पुसली जाते. त्याऐवजी त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र, म्हणजे ही सेवा पुढे जोडता येईल असा दाखला, मागा. पुढे हंगामी का होईना, पीएफ कापणारी नोकरी मिळून एकूण सेवा दहा वर्षे झाली, तर ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शन मिळते. शेतकऱ्याच्या म्हातारपणी ठरावीक तारखेला येणारा पैसा किती मोलाचा असतो, हे मी घरात पाहिले आहे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा आभारी आहे. हस्तांतरणाचा अर्ज उघडला, पण सूतगिरणीने नोकरी सोडल्याची तारीखच नोंदवलेली नाही.

उत्तर (वर्धा)

शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटून गेले असतील, तर ही तारीख पीएफच्या पोर्टलवर तुम्हालाच नोंदवता येते. आधारशी जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. पासबुकात शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे, त्याच महिन्यातील तारीख द्या आणि भरण्यापूर्वी जुन्या पगारपत्रकाशी ताडून पाहा, कारण एकदा नोंदवलेली तारीख तुम्हाला स्वतःहून बदलता येणार नाही.