स्टेशनवरचा मुलगा सोल्यूशन हुंगतो, त्याच्याशी काय बोलू?

पोळीभाजी_कल्याण:
कल्याण स्टेशनजवळ माझं पोळीभाजीचं दुकान आहे. रात्री उरलेल्या पोळ्या न्यायला एक मुलगा येतो, तेरा-चौदाचा असेल. भंगार वेचतो. मुठीत कायम फडक्याचा बोळा, त्यावर पंक्चरचं सोल्यूशन. का हुंगतोस विचारलं तर म्हणाला, "भूक लागत नाही, झोप येते." आई वारली, बाप दारू पिऊन पट्ट्याने मारायचा, म्हणून जालन्याहून गाडीत बसला. शेजारचे म्हणतात, खायला देऊ नका, वाचलेले पैसे नशेत घालवतो. त्याला घरी पाठवावं का?

फलाट_ताई:
पोळी थांबवू नका, आणि "आधी सोड, मग देईन" अशी अटही घालू नका. मी बरीच वर्षं फलाटांवरच्या मुलांसोबत काम केलंय. तुमच्याकडची पोळी ही कदाचित दिवसातली एकच गोष्ट असेल, जी त्याला मार किंवा शिवी न खाता मिळते.

त्याने कारण तुम्हाला सरळ सांगितलंय. सोल्यूशनमधलं टोल्युइन नावाचं रसायन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. भूक मरते, थंडी जाणवत नाही, पट्टा आठवत नाही. व्हाइटनर आणि थिनरच्या बाटल्यांच्या किरकोळ विक्रीवर केंद्राने २०१२ मध्ये बंदी घातली, पण पंक्चरचं सोल्यूशन कुठेही मिळतं. केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत हुंगायची नशा ही एकच अशी निघाली, जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे.

आणि हे फक्त रस्त्यावरच्या पोरांचं नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या डॉक्टरांनी साडेनऊ हजार प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं. आरोग्यविमा असलेली माणसं होती ती. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारूडा, आईला मारताना पाहणं, अशा चार किंवा जास्त प्रकारांतून गेलेल्यांत दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका चार ते बारा पट निघाला. डोक्यावर छप्पर असूनही! तुमच्या मुलाला तर तेही नाही.

एक गोष्ट फार जपा. तो हुंगत असेल तेव्हा ओरडू नका, मागे धावू नका. त्या वेळी नुसत्या दचकण्यानेही हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. जवळ बिडी-काडीही नको, ते पेट घेतं.

जुना_भंगारवाला:
मी पण असाच आलो होतो, दादरला. लोक विचारायचे, नशा का करतो? घरी काय झालं ते कुणीच विचारत नव्हतं. एक काका रोज फक्त "जेवलास का" विचारायचे. दोन-तीन महिन्यांनी मीच त्यांना सगळं सांगितलं. बोळा त्यानंतरही लगेच सुटला नाही, वर्ष गेलं. पण रात्री कुणी फार मारलं तर कुठे पळायचं, ते ठरलेलं होतं.

पोळीभाजी_कल्याण:
मग जालन्याचं काय करू? बापाला फोन लावू?

फलाट_ताई:
नको. परस्पर गाडीत बसवलंत तर तो पुन्हा त्याच पट्ट्याखाली जाईल आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे येणार नाही. आधी त्याच्याशी बोला, "तुझ्यासाठी एक फोन करू का?" मग १०९८ लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. तिथली माणसं येऊन भेटतात. त्यांनी त्याला सोबत नेलं तर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. घरची चौकशी होते, मुलाचं म्हणणं ऐकलं जातं, घर सुरक्षित नसेल तर बालगृहात ठेवतात. बापाने मारल्याचं समितीला आवर्जून सांगा, नाहीतर कागदावर नुसतं "घरातून पळाला" एवढंच येतं.

सोल्यूशनची तलफ घालवणारं ठरावीक औषध नाही. झोप, पोटभर जेवण आणि समुपदेशन यांवरच बराच काळ काढावा लागतो. तो बालगृहातून पळून परत तुमच्या दुकानी आला, तर आधी जेवायला वाढा आणि पुन्हा १०९८ लावा.