ताओवाल्यांनो, पुस्तकं फेकायला कोणी सांगितलंय?

उंबरठा: काल इथे एकाने टाकलं, ताओ (जुन्या चिनी विचारवंतांचा 'मार्ग') म्हणजे पुस्तकं फेका, स्वतः अनुभव घ्या, बाकी कचरा. खाली बदामांचा सडा. गोष्टीतला चाकं बनवणारा बियान, ह्वान नावाच्या राजाला तोंडावर म्हणतो की तुम्ही वाचताय तो मेलेल्यांचा चोथा, मान्य, पण ही गोष्ट तुम्हाला कुठे भेटली? च्वांगत्से या ताओवाल्या विचारवंताच्या पुस्तकातच ना! आणि ताओचा मूळ ग्रंथ ज्याच्या नावावर आहे त्या लाओत्सेचं 47वं प्रकरण वाचा जरा, दाराबाहेर न पडता जग कळतं, जितकं लांब जाल तितकं कमी कळतं. मग तुमच्या सोलो ट्रिपचं काय करायचं?

लेथवाला: वाचून आलात ते दिसतंय. छिन्नी किती जोरात मारायची ते हाताला कळतं, बियानला पोटच्या पोरालाही सांगता आलं नाही, सत्तरीतही स्वतःच राबतोय. मी लेथवर आयुष्य काढलं, टूल बोथट होत आलं की आवाज बदलतो, हे मॅन्युअल वाचून कानाला कळणार होय?

खवट_काकू: सांगता आलं नाही की सांगायचं नव्हतं? आमच्या शिवणक्लासच्या बाई हात राखून शिकवायच्या, मुंढा कापायची वेळ आली की कात्री स्वतःकडे, विचारलं की "सवयीने येईल". पुढे दुसरीने कागदावर काढून दाखवलं, त्याच दिवशी जमलं. तेव्हापासून हे 'शब्दांत सांगता येत नाही' ऐकलं की डोकं सणकतं.

लेथवाला: काहीही! लपवून म्हाताऱ्याला काय मिळालं?

खवट_काकू: मान! राजाला चार शब्द सुनावतोय. तुम्ही तरी तो आवाज हाताखालच्या पोरांना सांगितलात का?

लेथवाला: पर्सनल जाऊ नका. शंभरदा सांगितला. मशीनपाशी उभे राहिले त्यांना कळला.

उंबरठा: म्हणजे सांगावंही लागलं! च्वांगत्सेचाच बैल कापणारा डिंग बघा, 19 वर्षं एकच सुरी, धार जशीच्या तशी, पण सांध्यांतल्या फटीतून पातं कसं जातं ते त्याच्या राजाला नीट समजावतो, आणि तो राजा म्हणतो, जगावं कसं ते कळलं. सुरीला हातही न लावता!

लेथवाला: बरं बाबा, कळलं राजाला. आता त्याला एक बैल द्या कापायला, बघू.

सासुरवाशीण: धागा ताओचा की शिवणक्लासचा? असो, काकू तो मुंढ्याचा कागद टाका ना, माझं ब्लाऊज दरवेळी काखेत ओढतं.

खवट_काकू: टाकते संध्याकाळी. पण आधी जुन्या चादरीवर दोनचारदा कापून बघ गं, नुसता कागद बघून नव्या कापडाला कात्री लावू नकोस.

लेथवाला: वाचलंत ना सगळ्यांनी?

खवट_काकू: तुम्ही गप्प बसा.