मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची लघवीची नळी बदलायला गावात घरी कोण येईल?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७९ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून अंथरुणावरच आहेत. घर रत्नागिरी जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत. सोबत ७२ वर्षांची आई. मी नोकरीला पुण्यात, महिन्यातून एकदा जातो.

अडचण नळीची आहे. डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी बदलायला सांगितलंय. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसती पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, गाडी येत नाही. वाडीतली चार माणसं खुर्चीला बांबू बांधून बाबांना खाली उतरवतात, मग रिक्षा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस जातो. उचलणाऱ्यांतले दोघे स्वतःच साठीचे आहेत. जुलैत पाखाडीवर शेवाळ होतं, एकाचा पाय सरकला आणि बाबा खुर्चीसकट कलंडले. फार लागलं नाही, पण आता केंद्रावर जायचं म्हटलं की ते रडतात. म्हणून गेल्या वेळी आईने आठवडाभर पुढे ढकललं. नळी तुंबली, थंडी वाजून ताप भरला आणि शेवटी १०८ बोलवावी लागली.

केंद्रात विचारलं तर “पेशंटला इथेच आणा, घरी यायला माणूस नाही” असं उत्तर मिळालं. आशाताई येतात, बीपी बघतात, आईची विचारपूस करतात. त्यांचे उपकार आहेत, पण नळी बदलणं हे त्यांचं काम नाही.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम, एनपीएचसीई, २०१०-११ पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन बघायचं, असं त्यात स्पष्ट आहे. माझा एक सहकारी केरळचा. त्याच्या आजीची नळी पंचायतीच्या पॅलिएटिव्ह केअरची (दीर्घ आजाऱ्यांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेची) नर्स घरी येऊन बदलायची. ते ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. आपल्याकडे का नाही होणार?

बाबांचं ७० वर्षांवरच्यांसाठीचं वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी मोफत उपचाराचं कार्ड, काढलंय. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच चालतं, घरच्या ड्रेसिंगला किंवा नळीला नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. घरभेटीसाठी लेखी अर्ज कोणाकडे करायचा? प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचं. पण पॅलिएटिव्ह केअरचं पथक असलं तर ते जिल्हा रुग्णालयात, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आधी कुठे जाऊ? ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवरून अशा कामात कोणाला मदत झाली आहे का? उपकेंद्रातल्या सिस्टरना हे काम करायची परवानगी असते का?

इथे कोणी नर्स किंवा डॉक्टर असतील तर त्यांना आणखी एक विचारायचंय. सिलिकॉनची नळी जास्त दिवस टिकते म्हणतात. बाबांच्या वयात ती चालेल का, आणि आमच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू? आई म्हणते, “मला शिकवा, मी बदलते.” तिचा हात थरथरतो. मला ते नको वाटतं, पण तिला नाही कसं म्हणू तेही कळत नाही.

घरी नर्स पाठवणाऱ्या कुठल्या खासगी ब्युरोचा नंबर कृपया देऊ नका, आमच्या वाडीपर्यंत कोणी येत नाही, विचारून झालंय.

पुढची नळी २२ तारखेला बदलायची आहे. मी त्याआधीच्या शनिवारी निघतोय. अर्जाचा नमुना कोणाकडे असेल तर तोपर्यंत पाठवा, सोमवारी सकाळीच तालुक्याला नेऊन देतो.