मदत हवी आहे: पाच जणींचा क्रम लावायचाय, पहिली कोण?

निळी_शाई
शनिवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून थेट विचारते. आमच्या मंडळात एका वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालेल्या पाचही नायिकांचा क्रम लावून त्यावर बोलायचंय. पाचही सिनेमे बघून झालेत. पाचवी ठरली आहे, चौथीही जवळपास ठरली आहे. वरच्या तिघींवर गाडी अडलीय. जूडीला ऑस्कर दिलं ते मला अजिबात पटत नाही, पण मग बेटी की ग्लोरिया? एकदा ही वर वाटते, दुसरा सिनेमा परत लावला की ती. कोणी असा क्रम लावला असेल तर कशावरून लावलात ते सांगा. कृपया 'दोघीही थोर' असं लिहू नका.

जुना_प्रोजेक्टर
कोणती जूडी? गार्लंड म्हणत असाल तर ते १९५४ साल, आणि तेव्हा ऑस्कर तिला नाही, ग्रेस केलीला मिळालं. आधी साल सांगा, मग बोलू.

सातारी_कंदील
बेटी, ग्लोरिया आणि जूडी एकत्र म्हणजे १९५० सालच्या सिनेमांचं ऑस्कर. सोहळा मार्च १९५१ मध्ये झाला, म्हणून काही याद्यांत ५१ दिसतं. 'ऑल अबाउट ईव्ह'साठी बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर, 'सनसेट बुलेव्हार्ड'साठी ग्लोरिया स्वान्सन, 'केज्ड'साठी एलेनॉर पार्कर, आणि 'बॉर्न यस्टरडे'साठी जूडी हॉलिडे. मिळालं हॉलिडेला. हेच ना? आणि ऐकणाऱ्यांनी हे सिनेमे पाहिलेत का? त्यावर बरंच अवलंबून आहे.

निळी_शाई
हो, १९५०च. क्रमाचं सांगा ना.

कोकणकडा
माझा सल्ला, आधी 'सनसेट' बघा आणि मग 'ईव्ह'. उलट केलं तर 'ईव्ह'मधल्या संवादांच्या माऱ्यानंतर 'सनसेट' संथ वाटतो. इंग्रजी सबटायटल्स लावाच, 'ईव्ह'चा लेखक-दिग्दर्शक मँकविट्झच्या संवादांतलं निम्मं पहिल्यांदा हातून सुटतं. सिनेमाची प्रतही चांगली बघून घ्या, कृष्णधवल सिनेमाची प्रत खराब असेल तर चेहऱ्यावरचं काहीच दिसत नाही.

निळी_शाई
कोकणकडा, पाचही पाहून झालेत, वर लिहिलंय.

आठवा_सूर
माझी एकच कसोटी आहे आणि ती कधी चुकलेली नाही. आवाज बंद करून बघा. स्वान्सन मूकपटांतून आलेली. तिची बोटं, मान, प्रोजेक्टरच्या झोतात उभी राहते तेव्हाचा चेहरा, सगळं आवाजाशिवाय कळतं. मध्येच ती चॅप्लिनची नक्कल करते, तेवढ्यात ती बाई तरुणपणी किती लोभस असेल हे दिसून जातं आणि पुढचं सगळं जास्त भयंकर होतं. बाकी चौघींचा आवाज बंद केला तर काय उरतं? क्रम आपोआप लागतो.

तालीममास्तर
ही कसोटी नव्हे, स्वान्सनला जिंकवण्याची युक्ती आहे. बेटी डेव्हिसचं मार्गो हे कामच आवाजाचं आहे. चित्रीकरणाच्या वेळी तिचा घसा बसला होता, आणि मँकविट्झने तो खरखरीत आवाज तसाच ठेवला. पार्टीच्या प्रसंगात ती त्या आवाजाने सगळी खोली हलवते. तो बंद करून तिला मोजणं म्हणजे गवयाला ओठांच्या हालचालीवरून गुण देणं. आणि हॉलिडेची बिली? तिचा तो चिरका, नाकातला सूर पहिल्या प्रसंगात कानाला टोचतो आणि शेवटाकडे तोच सूर ठेवून ती वेगळी बाई झालेली असते. हे आवाज बंद करून दिसेल?

आठवा_सूर
दिसेल. चांगला नट डोळ्यांत दिसतो.

रसिक_परळ
स्वान्सनला मी तिसरी ठेवीन. ती स्वतःलाच रंगवतेय. विसरली गेलेली मूकपटांची नटी, आणि नोकर म्हणून कोण, तर स्ट्रोहाइम, ज्याने तिला 'क्वीन केली'मध्ये दिग्दर्शित केलं होतं. त्याच 'क्वीन केली'चा तुकडा सिनेमात दाखवतात. दिग्दर्शक डिमिल तर डिमिल म्हणूनच येतो. आयुष्य उभं केलं की झालं, अभिनय कुठे आला त्यात?

जुना_प्रोजेक्टर
रसिक, हे वाक्य पंचाहत्तर वर्षं लोक बोलतायत आणि ते चूक आहे. स्वान्सन पडदे ओढून बंगल्यात बसलेली नव्हती. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टीव्हीवर तिचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम होता, कामात होती, हिंडतीफिरती होती. नॉर्मा, म्हणजे 'सनसेट'मधली ती नटी, तिने बांधलेली आहे. स्वतःच्या आयुष्यातल्या वस्तू वापरून एक सर्वस्वी परकी बाई उभी करणं जास्त अवघड.

माझं मत धागाकर्तीला: पुरस्कार का मिळाला आणि काम किती चांगलं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. तुमच्या डोक्यात ते मिसळलेत, म्हणून जूडीवर राग आहे. एकाच सिनेमातून डेव्हिस आणि बॅक्स्टर दोघी मुख्य गटात उभ्या राहिल्या, मतं फुटली, हॉलिडे मधून निघाली. बॅक्स्टरला 'द रेझर्स एज'साठी सहाय्यक गटात आधीच मिळालेलं होतं, या वेळी तिला मुख्य गटच हवा होता.

सातारी_कंदील
मतं फुटली हे सगळे म्हणतात, पण अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही. 'ईव्ह'मधून सहाय्यक गटातही सेलेस्ट होल्म आणि थेल्मा रिटर दोघी होत्या, म्हणजे एका सिनेमातल्या चार बायकांना नामांकन आणि एकीलाही बक्षीस नाही. इथवर तुमचं म्हणणं छान बसतं. पण 'सनसेट'ला अभिनयाच्या चारही गटांत एकेक नामांकन होतं, तिथे फुटायला काही नव्हतं, तरी चौघेही रिकाम्या हाताने गेले. मग?

आणि त्या वर्षी इतरांनी काय केलं बघा. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी डेव्हिसला निवडलं, पुढे कान महोत्सवातही तिलाच. व्हेनिसला पार्कर. गोल्डन ग्लोबमध्ये नाट्य गटात स्वान्सन, विनोदी गटात हॉलिडे. जिथे बसून मत द्याल तिथे निकाल बदलत होता. हॉलिडेचा विजय अपघात मानायचं काही कारण नाही.

खिडकीपाशी
हे आपल्याकडेही झालंय. १९६१च्या फिल्मफेअरमध्ये 'मुघल-ए-आझम'ची मधुबाला समोर असताना 'घूँघट'साठी बीना रायला दिलं. आजही माझ्या घरात यावर भांडण होतं. आणि १९६३ मध्ये तर तिन्ही नामांकनं मीनाकुमारीचीच, 'साहिब बीबी और ग़ुलाम'साठी मिळालं.

रसिक_परळ
आणि 'अर्थ'? शबाना मुख्य गटात आणि स्मिता पाटील सहाय्यक गटात. बॅक्स्टरच्या नेमकं उलट. स्मिताची भूमिका सहाय्यक कशी काय? शेवटच्या भागात ती ज्या भीतीत जगते तीच सगळ्या सिनेमाचा कणा आहे.

खिडकीपाशी
आणि त्या सहाय्यक गटातलं बक्षीस 'अर्थ'साठीच रोहिणी हट्टंगडींना मिळालं. मोलकरणीची भूमिका, वेळ कमी, पण काय काम! पुण्याच्या माणसाला अभिमान वाटणारच. स्मितावर अन्याय झाला असं मात्र...

सातारी_कंदील
'अर्थ'साठी वेगळा धागा काढा, मी पण येतो. इथे धागाकर्तीचा शनिवार जवळ येतोय.

निळी_शाई
धन्यवाद कंदील. 'अर्थ' मलाही आवडतो, पण आता नको. मास्तर, तुम्ही हॉलिडेबद्दल बोललात, तिथेच माझं अडतं. मुळात ती तीच भूमिका रंगमंचावर १९४६ पासून करत होती. शेकडो प्रयोग झाल्यावर कॅमेऱ्यासमोर तेच केलं तर त्याला डेव्हिसच्या बरोबरीने कसं मोजायचं? डेव्हिस तर ऐन वेळी आली, क्लॉडेट कोल्बर्टची पाठ दुखावली म्हणून.

तालीममास्तर
ऐन वेळी आलेली असेल तर हॉलिडेही तशीच. नाटकात ती भूमिका जीन आर्थरची होती. मुंबई-पुण्यात येण्याआधी बाहेरगावी प्रयोग लावतात तसे त्यांचे न्यूयॉर्कबाहेर प्रयोग चालू असताना आर्थर बाहेर पडली आणि हॉलिडे काही दिवसांत पाठांतर करून उभी राहिली. नाटक गाजलं, तरी सिनेमासाठी कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोनला ती नको होती. मग 'अ‍ॅडम्स रिब'मध्ये तिला छोटी भूमिका देऊन ती पडद्यावर काय करते ते लोकांना दाखवावं लागलं, तेव्हा कुठे बिली तिच्याकडे आली.

आता प्रयोगांचा फायदा. मी हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यामुळे ठामपणे सांगतो, तोटा जास्त असतो. शेकडो वेळा हशा घेतलेली जागा हाडात बसते. कॅमेऱ्यासमोर हशा नसतो, आणि नट त्या हशासाठी थांबतो. हॉलिडे थांबत नाही. पत्त्यांचा प्रसंग परत बघा. ब्रॉडरिक क्रॉफर्डबरोबर जिन रमी खेळताना जवळजवळ बोलणं नाही. ती पानं लावते, गुणगुणते, झटकन पान टाकते, मध्येच पुन्हा पानं लावते, आणि तो समोर हळूहळू तापत जातो. त्या तेवढ्यात कळतं की ही बाई बावळट नाही, तिला आजवर कुणी काही विचारलंच नाही. भूमिकेतली पुढची सगळी वाट त्या पत्त्यांत आहे.

आठवा_सूर
आणि हा प्रसंग आवाज बंद करूनही कळतो. तुम्हीच माझी कसोटी सिद्ध केलीत.

तालीममास्तर
हा प्रसंग कळतो. तिची पूर्ण भूमिका कळत नाही.

जुना_प्रोजेक्टर
एक गंमत लक्षात घ्या, विल्यम होल्डन दोन्हीकडे आहे. 'सनसेट'मध्ये नॉर्मासमोर आणि 'बॉर्न यस्टरडे'त बिलीला शिकवणारा पत्रकार. एकच नट समोर असताना दोघी त्याला कशा वापरतात ते पाहा. नॉर्मा त्याला गिळते. बिली त्याचं ऐकते, आणि ऐकण्याचा अभिनय दिसायला सर्वात कमी आणि करायला सर्वात कठीण. तुलना करायची तर इथून करा.

निळी_शाई
हे भारी आहे. पण मला प्रत्येकीचा एकच प्रसंग दाखवता येणार, प्रत्येकी पाच मिनिटं, मग बोलायचं. होल्डनचे दोन लावले तर बाकी तिघींचं काय?

सातारी_कंदील
एकच प्रसंग दाखवायचाय हे आता सांगताय? उत्तर बदललं ना. पाहणाऱ्यांनी सिनेमे पाहिलेत की नाहीत हे मी पहिल्यांदाच विचारलं होतं.

निळी_शाई
बहुतेकांनी नाहीत. 'सनसेट'चा शेवटचा जिना मात्र सगळ्यांना माहीत असणार.

सातारी_कंदील
मग जिना लावू नका. चॅप्लिनची नक्कल लावा, लोकांना ती नॉर्मा ठाऊक नसते. हॉलिडेसाठी पत्ते. डेव्हिससाठी पार्टी नको, बंद पडलेल्या गाडीतला प्रसंग. तिथे मार्गोकडे टोमणे नाहीत, टाळ्या नाहीत, शेजारी मैत्रीण आणि थंडी. वय, नाव, बाईपण याबद्दल ती हळू आवाजात बोलते. संवादांची आतषबाजी काढून घेतल्यावर डेव्हिस किती उरते ते त्या गाडीत कळतं. माझ्या मते बरीच उरते, म्हणून ती पहिली.

निळ्या_दिव्याची_बस
पार्करला सगळे गृहीत धरताय. 'केज्ड'मधली मेरी १९ वर्षांची, तुरुंगात आलेली, गरोदर, नवरा दरोड्यात मेलेला. तिला ना मार्गोसारखी वाक्यं, ना नॉर्मासारखे पोशाख. व्हर्जिनिया केलॉगने स्वतः तुरुंगात राहून पाहून ती गोष्ट लिहिली, त्यामुळे प्रसंग कोरडे आणि खरे आहेत, नटीला टेकायला काही नाही. होप इमर्सनची मेट्रन तिचं डोकं भादरते तो प्रसंग आणि बाहेर पडतानाची ती, दोन्ही एकाच चेहऱ्यावर बसवा. सुटते तेव्हा कुणी तिची काळजी घ्यावी असं काही तिच्यात शिल्लक नसतं. अधीक्षक बाई तिची फाइल बंद करू देत नाहीत. एवढा पल्ला पाचांपैकी कुणी गाठलेला नाही, बिलीनेही नाही.

आठवा_सूर
पल्ला भूमिकेचा आहे, तिचा नव्हे.

निळ्या_दिव्याची_बस
भूमिका कागदावर फक्त दिशा देते. मधली प्रत्येक पायरी पार्करने लावलीय.

निळी_शाई
रात्री 'केज्ड'चा शेवट आणि ईव्हची गाडी दोन्ही परत लावून बघितलं. माझा क्रम आता असा: डेव्हिस, हॉलिडे, पार्कर, स्वान्सन, बॅक्स्टर. स्वान्सन चौथी लिहिताना हात थरथरतोय, पण नॉर्माला वाइल्डरच्या दिग्दर्शनाचा, बंगल्याचा, स्ट्रोहाइमचा आधार आहे. पार्करला काहीच नाही. जूडी दुसरी हे मास्तरांमुळे. पाचवी बॅक्स्टर, त्यात बदल नाही, मार्गोसमोर ती फिकी पडते.

आठवा_सूर
स्वान्सन चौथी! हे मला मान्य नाही आणि शनिवारी तुमच्या मंडळातही कुणाला होणार नाही.

जुना_प्रोजेक्टर
मला पहिल्या दोघी मान्य. पण बॅक्स्टरला मार्गोसमोर मोजू नका, तिथे ईव्हने फिकं पडणं हीच तिची चाल आहे. न्यू हेवनच्या हॉटेलमधला प्रसंग लावा. अ‍ॅडिसन हा समीक्षक तिचं एकेक खोटं उलगडत जातो आणि तिच्या चेहऱ्यावरून नम्रपणा, मग रुबाब, मग राग असं एकेक गळत जातं, शेवटी ती पलंगावर कोसळून रडते आणि त्या रडण्यातही थोडा हिशोब शिल्लक असतो. जॉर्ज सँडर्सकडे बघू नका, त्याला त्याचं ऑस्कर मिळालंय. पाच मिनिटं फक्त तिच्याकडे बघा आणि मग तिला पाचवी म्हणा.